चुन्याच्या रानातली गाठ

येरमाळ्यात शिवलीलाला सगळे टॉवरवाली म्हणतात. आता ती आयुष्यात कधी टॉवरवर चढलेली नाही. तिला उंचीची इतकी भीती, की माळवदावर वाळवण घालताना ती कडेकडं फिरकतसुद्धा नाही. पण गावाला हे कोण समजावणार? फोनच्या काड्या गेल्या की माणसं सरळ तिच्या बापाच्या दुकानात येतात. "शिवलिंगप्पा, पोरीला सांगा की जरा, सकाळधरनं फोन लागंना." कुणाचं रिचार्ज अडकलं, टॉवरवाली. कुणाच्या टीव्हीत मुंग्या आल्या, टॉवरवाली. एकदा एक म्हातारी मिक्सर घेऊन आली. "वायरीचंच काम हाय न्हवं?" म्हणाली. शिवलीलानं तोही उघडून बघितला. अशी आहे ती.

बापाचं दुकान हायवेला लागून. पाइप, दोरखंड, कुलपं, खिळे, पत्र्याच्या बादल्या. पोरगी दहाएक वर्षांची असताना दुकानात एक जुनं कुलूप निघालं, चावी फिरायची पण उघडायचं नाही. अप्पा म्हणाले, "टाक भंगारात." ही ते घेऊन पायरीवर बसली. जेवायला उठली, शाळेला गेली, आली की परत कुलूप मांडीवर. शेवटी एकदाचं खटकन उघडलं. अप्पा खूश. तर ह्या बाईनं ते पुन्हा दाबून बंद केलं! "आगं, उघडलं की!" "उघडलं अप्पा, पण का उघडत नव्हतं ते कुठं कळलं?" अप्पांनी कपाळाला हात लावला. मला विचाराल तर ही पोरगी सगळीच्या सगळी त्या एका वाक्यात आली. पुढचं शिक्षण, पुण्याची नोकरी, घरी बसून काम करायचा हट्ट, हे सगळं त्याच कुलपाचं. लग्नाचं मात्र विचारू नका, ती विचारू देत नाही.

तिचं काम काय, ते एकदा नीट सांगतो, म्हणजे पुन्हा मिक्सर आणायला नको. मोबाइलच्या मोठ्या कंपनीचे हजारो टॉवर. पूर्वी पुण्यात एका मोठ्या खोलीत माणसं पडद्यापुढं बसायची. कुठं टॉवरनं तक्रार केली की इकडं टॉवरची देखभाल करणाऱ्या बिरदेवला फोन करायची, आणि बिरदेव मोटारसायकलला किक मारून निघायचा. निम्म्या तक्रारी खोट्याच. कुठं उंदीर, कुठं वारा, कुठं नुसतंच नाटक. पण आता नव्या पिढीचं नेटवर्क आलं. त्यात अँबुलन्सला वेगळी वाट, पोलिसांच्या कॅमेऱ्यांना वेगळी, आणि सगळे निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढं माणसाच्या हातानं होत नाही. म्हणून टॉवर सांभाळायलाच एक यंत्र ठेवायचं, आणि त्याला अक्कल शिकवायची. कुठं गर्दी वाढली, टॉवरची कुठली बाजू रिकामी म्हणून झोपवायची, कुठली बिघडली म्हणून बंद करून चालू करायची, हे त्यानं स्वतः ठरवायचं. ही अक्कल शिकवायचं काम शिवलीलाचं. दुकानाच्या माडीवर तिची खोली, दोन पडदे, आणि तिसऱ्यांदा गरम केलेला चहा.

अप्पांना कोण अभिमान! खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची शिवलीला यंत्राला शहाणपण शिकविती. पुण्यातली माणसं हिला विचारून हलत्यात." गिऱ्हाईक नुसतं "व्हय का" म्हणालं तरी पावशेर खिळ्यांवर दोन खिळे जास्त पडायचे.

आणि मग मागल्या वर्षीची चैत्र पौर्णिमा आली.

येडाईची यात्रा म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. देवीची पालखी डोंगरावरून खाली चुन्याच्या रानात येते, आणि लाखो माणसं त्या उघड्या रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात, देवीला वाहतात. वर्षभर त्या रानात शेळ्यांशिवाय कोण नसतं. त्या एका दिवशी पाय ठेवायला जागा नसते. शिवलीलाची आई चन्नम्मा तिकडची, उमरग्याच्या पलीकडं आळंदची, बोलण्यात निम्मं कानडी. पण लग्न होऊन आल्यापासून तिनं चुना वेचायचं कधी चुकवलं नाही. मागल्या वर्षीही गेली. भर उन्हात गर्दीचा लोंढा आला, नवरा एकीकडं, बायको एकीकडं. शिवलिंगप्पांनी फोन लावला. लागेना. परत लावला. काडीच नाही! सबंध रानात कुणाचाच फोन लागेना. शिवलिंगप्पा उन्हाचे "चन्नम्मा, चन्नम्मा" करत फिरले, आवाज बसला. चन्नम्मा भोवळ येऊन पडली होती. चार अनोळखी बायकांनी तिला बाभळीच्या सावलीला ओढलं, तोंडावर पाणी मारलं. त्याही अँबुलन्सला फोन लावत होत्या, त्यांचाही लागत नव्हता. दिवस कलताना नवरा-बायकोची गाठ पडली. वाचली, म्हणून वाचली.

शिवलीलाला वाटलं टॉवर पडला. बिरदेव टॉवरच्या पायथ्यालाच होता. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, टॉवर चांगला होता ओ. यंत्रच त्याला सारखं बंद करून चालू करत होतं. उठला की पाड, उठला की पाड."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. तो नियम तिनंच घातलेला होता.

घरी अप्पा ओसरीवर बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "तुझ्या यंत्राला माणूस कळत न्हाय गं." आणि त्या दिवसापासून दुकानात पोरीचं नाव निघायचं बंद झालं. कुणी आपणहून विषय काढला, "काय म्हणतीय टॉवरवाली?" तर शिवलिंगप्पा दोर मापायला लागायचे. गावानं शिव्या दिल्या, त्या तिनं गिळल्या. पुण्याहून मेल आले, तेही गिळले. पण दुकानातून बापाचा तो आवाज यायचा थांबला, हे तिला फार लागलं. माडीवर बसून ती रडली, नाक पुसलं, आणि कामाला लागली. का उघडत नव्हतं ते कळायला नको?

पहिली चूक सापडली तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. गर्दी कधी येणार हे यंत्राला कळावं म्हणून तिनं त्याला आदल्या वर्षीच्या तारखा दिल्या होत्या. इंग्रजी तारखा! अरे देवा! यात्रा काय तारखेनं भरते का? पौर्णिमा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारते. ज्या घरात अमावस्या-पौर्णिमा बघितल्याशिवाय लोणचं घालत नाहीत, त्या घरातल्या पोरीनं ही चूक करावी? खऱ्या यात्रेला यंत्रानं रानाकडची बाजू अर्धीअधिक झोपवून ठेवली होती, आणि यात्रा उरकल्यावर, आदल्या वर्षीच्या तारखेला, शेळ्यांसाठी टक्क जागी ठेवली होती. पुण्यातल्या इंजिनिअरकडून हे झालं असतं तर हिनंच त्याला फाडून खाल्लं असतं. काखेत कळसा, दुसरं काय!

पंचांग शिकवणं सोपं होतं. ते झालं. दुसरं दुखणं मोठं होतं. जिथं कधीच कुणी नसतं तिथं अचानक हजारो फोन दिसले, की यंत्राला वाटायचं, हे शक्यच नाही, नक्की बिघाड. करा बंद, करा चालू. आता खरा बिघाड आणि खरी गर्दी यातला फरक त्याला कसा शिकवायचा? तिनं नाना हिकमती केल्या. एक जमेना.

शेवटी उजेड पाडला तो अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, तोही तांदूळ निवडताना. चन्नम्माला त्या दिवसाची गोष्ट सांगायची सवयच लागली होती, शंभरदा ऐकलेली. "तुझ्या अप्पाला मी घावले कशी ठावं हाय का? हाका मारून न्हाय. हाका कोण ऐकतंय तिथं! बायकांचा एकेक घोळका गाठून इचारलं, आमची बाई दिसली का? त्येनी म्हणलं, पलीकडं एक पडलीय. पलीकडच्यांनी म्हणलं, बाभळीखाली नेली. शेजारणीला इचारत इचारत आले बघ."

शिवलीला सुपावरून उठली आणि जिना चढून गेली. अव्वा खालून ओरडतीय, "आगं, खडे कोण निवडणार?"

शेजाऱ्याला विचार! एवढंच तर. आपल्याकडं दाराला कुलूप दिसलं की माणूस दार फोडतो का? शेजारी विचारतो. यंत्रानं मात्र कुणाला न विचारता दार फोडलं होतं. रानाकडची बाजू एकदम भरली, तर आधी डोंगराकडच्या बाजूला विचारायचं: तुझ्याकडची माणसं कमी झाली का? हायवेच्या टॉवरला विचारायचं: तुझ्याकडून तिकडं कोण गेलं का? शेजारी हो म्हणाले, तर तो बिघाड नाही, ती माणसं आहेत. मग बंद-चालू करायचं नाही. उलट झोपलेलं सगळं उठवायचं आणि अँबुलन्सची वाट आधी मोकळी करायची.

सांगायला सोपं. श्रावणात येडशीच्या टॉवरवर तिनं ते लावून बघितलं, रामलिंगाच्या गर्दीला. पहिल्या सोमवारी यंत्र शेजाऱ्यांना विचारतच बसलं, गर्दी दर्शन घेऊन घरी गेली तरी याची चौकशी चालूच. ती चिडली, बिरदेवलाही उगाच बोलली, मग त्याला वडापाव खाऊ घातला. दुसऱ्या सोमवारी बरं, तिसऱ्या सोमवारी परत माती. शेवटच्या सोमवारी सगळं सुरळीत झालं.

तिचा वरिष्ठ उत्कर्ष. मूळचा परंड्याचा, पण पुण्याचं पाणी चांगलं मुरलेला. माणूस वाईट नाही, दुधानं पोळलेला होता इतकंच. त्याचं म्हणणं, यात्रेच्या दिवशी यंत्रच बंद ठेवू, पुण्यात चार-पाच माणसं बसवू, हातानं चालवू.

"उंटावरनं शेळ्या हाकायच्या का सर?" शिवलीला म्हणाली. "पालखी कधी हलणार ते डोंगरावरच्या माणसांना सांगता येत नाही, तुम्हाला पुण्यात काय कळणार? तुमचा माणूस पडदा बघून, विचारून, बटण दाबेपर्यंत रानात कोण पडलं असेल. यंत्र चुकलं ते मी चुकीचं शिकवलं म्हणून. आता बरोबर शिकवलंय."

"आणि परत चुकलं तर?"

"तर मी राहीन उभी वरच्यांपुढं. तुम्ही नका राहू."

उत्कर्षनं श्रावणातले आकडे पुन्हा एकदा उघडून बघितले. मग म्हणाला, "ठीक. पण हातात घ्यायचं बटण माझ्याकडं राहील. मला ते दाबावं लागलं, तर हा विषय संपला, शिवलीला. पुढच्या कुठल्याच यात्रेला यंत्र नाही." ती म्हणाली, "चालेल." एक घाव दोन तुकडे.

ह्या वर्षीची यात्रा आली. चन्नम्मानं सकाळीच ठणकावलं, "मी चुना येचायला जाणार." नवऱ्याला वाटलं होतं बायको यंदा घाबरेल. कसली घाबरतीय! शिवलिंगप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचं एक टोक स्वतःच्या मनगटाला आवळलं आणि दुसरं बायकोच्या पदराला. जन्मभर दोर विकलेला माणूस, गाठ काय साधीसुधी मारतोय!

"आवं, काय लाज हाय का?" चन्नम्मा लाल झाली. "बाया हसतील. ह्या वयात परत लगीन लावतेत का म्हणतील."

"म्हणू दे. फोनबिन मला सांगू नको. फोन मागल्या वर्षीबी होता."

जिन्यात शिवलीला उभी होती. तिनं ते ऐकलं. अप्पांनीही तिला बघितलं. दोघं तसेच, उपरण्याच्या दोन टोकांना, रस्त्याला लागले. कोपऱ्यावर कुणीतरी "मामा, मांडव कुठाय?" ओरडलंच. शिवलीला माडीवर गेली, पदर खोचला आणि पडद्यापुढं बसली. तिला त्या घडीला पुण्याची पर्वा नव्हती, कंपनीची तर नाहीच नाही. ती गाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

ऊन चढलं. पालखी डोंगरावरून हलली ते तिला पडद्यावरच दिसलं. डोंगराकडची बाजू हळूहळू ओसरायला लागली. कानात उत्कर्ष होता. "रानाकडची बाजू जागी आहे ना?" "पहाटेपासून. पंचांग कळतंय आता त्याला."

आणि मग रान भरलं. भरलं म्हणजे काय, बदाबदा भरलं. आकडा चढतोय, चढतोय, आणि पडद्यावर रानाकडची बाजू लालभडक झाली. मागल्या वर्षी नेमकं इथंच यंत्रानं दार फोडलं होतं.

"शिवलीला, लाल झालंय. मी हातात घेतो."

"थांबा सर."

"अगं, मागच्या वेळी असंच..."

"सर, त्याला विचारू द्या! शेजाऱ्याला विचारतंय ते. एवढं विचारू द्या."

तिच्या हातापाशीही एक कळ होती. दाबली असती तर सगळं तिच्या हातात आलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली, लहानपणी मास्तर बसवायचे तशी. लाल. अजून लाल. डोंगराच्या बाजूनं उत्तर आलं: माणसं गेली. हायवेच्या टॉवरनं उत्तर दिलं: माझ्याकडचीही तिकडंच गेली. मग आसपासचं झोपलेलं होतं नव्हतं ते सगळं एकदम उठलं, शेजारच्या टॉवरनं आपली एक बाजू रानाकडं वळवली, अँबुलन्सची वाट मोकळी झाली. लालचं पिवळं झालं. पिवळं तसंच राहिलं. कुणी पडलं नाही, कुणी पाडलं नाही.

"अरे वा," उत्कर्ष म्हणाला. परंड्याचा सूर लागला होता. "धरलं की गं ह्यानं!"

पण ती ऐकत नव्हती. तिनं अव्वाला फोन लावला. रिंग गेली, पूर्ण गेली, कुणी उचलला नाही. परत लावला. तेच. अप्पांना लावला. 'आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत.' अप्पा? व्यस्त? ज्या माणसानं वर्षभरात गिऱ्हाइकाशिवाय कुणाला आपणहून फोन केला नाही, तो भर यात्रेत कुणाशी बोलतोय?  परत लावला, परत व्यस्त. अव्वाला लावला, नुसती रिंग. आता पडद्यावर काहीही रंग असो, तिनं चप्पल शोधायला घेतली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि फोन वाजला.

"अप्पा! कुठं हाय तुम्ही? फोन का लागंना?"

"लागतोय की. मीच बोलत होतो." अप्पा धापा टाकत होते. "हितं एक बाई पडली, लातूरकडली हाय, उन्हानं. तुझ्या अव्वागतच. म्या अँबुलन्सला लावला, पयल्या रिंगला उचलला बग. त्येनला वाट घावंना, मग मी पळत रस्त्याला आलो नि फोनवर बोलत बोलत घेऊन गेलो आत. डाक्टर तिकडनं दवाखान्यातनं बघत होता बाईला, गाडीतल्या फोनमधी. शुद्धीवर हाय आता."

"आणि अव्वा? अव्वा कुठं हाय?"

"म्हाईत न्हाय."

"म्हाईत न्हाय म्हंजे? गाठ होती ना!"

"सोडली की. बांधून पळता येतंय व्हय? ती म्हणली, तुमी व्हा म्होरं, माझा चुना येचायचा ऱ्हायलाय. गेली. आसंल कुठंतरी."

"अप्पा, मी फोन लावला तिला, उचलंना! एवढ्या गर्दीत तुम्ही तिला एकटं सोडलं?"

"आगं, वटीत खडे, हातात खडे, फोन कशानं उचलंल ती? हात रिकामा झाला की बघंल." मग अप्पांनी जरा दम खाल्ला, आणि गिऱ्हाइकाला सांगायचे त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "आणि एकटी कशी गं? तुझा फोन हाय न्हवं तिच्यापाशी."

फोन बंद झाला. शिवलीला जिन्यातच मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. दुसऱ्या कानात उत्कर्ष घाबरून विचारत होता, "काय झालं? पडलं का? बटण दाबू का?"

"न्हाय सर," ती नाक पुसत म्हणाली. "उभं हाय. हात नका लावू."